पन्नीच्या बापाचं नाव काय?

वर्धेच्या आजूबाजूला राहत असाल तर कंसाचं महत्त्व तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), सिंदी (मेघे). सरकारी कागदावर आपल्या गावांची नावं अशीच लिहितात, शेवटी कंसात मेघे. नुसतं बोरगाव म्हटलं तर महाराष्ट्रात कितीतरी बोरगावं सापडतील. आणि नुसतं सिंदी म्हटलं तर फजिती ठरलेलीच, कारण आपल्याच जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) पण आहे. एक सिंदी वर्धा शहराला चिकटून, दुसरी सेलू तालुक्यात, नागपूरच्या रेल्वेमार्गावर. कंस खाल्ला की पाहुणे भलत्याच सिंदीत.

प्लॅस्टिकचंही अगदी असंच आहे. प्रत्येक प्लॅस्टिकला पूर्ण नाव असतं. त्या नावात त्याचा बाप कोण ते लिहिलेलं असतं, कुठेकुठे आईचंही असतं, आणि काही नावांत कंससुद्धा असतो. पण आपण ते नाव घेतो कुठे? आपण म्हणतो पन्नी, थर्माकोल, फ्लेक्स, रेक्झिन, नायलॉन. ही सगळी टोपणनावं. टोपणनावानं हाक मारायला काही हरकत नाही हो, पण टोपणनावामागे लपून कुणी तुम्हाला गंडवत असेल तर?

गंडवणं म्हणजे कसं, ते बघा. बोरगाव मेघेतल्या कुठल्याही किराणा दुकानात जा आणि म्हणा, "काका, एक पन्नी द्या ना." उत्तर साधारण असं येतं, "पन्नी बंद झाली ना बाप्पा, कपड्याची थैली घे." मग हातात येते ती पिवळी, हिरवी, लाल रंगाची, हाताला कापडासारखी लागणारी थैली. लग्नाच्या आहेराला, साडीच्या दुकानात, मेडिकल स्टोअरमध्ये, सगळीकडे हीच. तुम्हाला बरं वाटतं. चला, आपण प्लॅस्टिक सोडलं.

ती थैली एकदा उजेडासमोर धरून नीट बघा. कापड म्हटलं की उभे आणि आडवे धागे आले. इथे धागा सापडणारच नाही. बारीक तंतू कसेही पसरून, उष्णतेनं एकमेकांना चिकटवलेले दिसतील, आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांची छापाई. कडेला बऱ्याचदा शिलाईसुद्धा नसते, वितळवून जोडलेलं असतं. या थैलीला बाजारात ‘नॉन-वोव्हन’ म्हणतात, म्हणजे न विणलेली. तिचं पूर्ण नाव मात्र आहे नॉन-वोव्हन पॉलिप्रोपिलीन. पॉलिप्रोपिलीन म्हणजे तेच, ज्याच्या तुमच्या कॅन्टीनमधल्या खुर्च्या आणि दवाखान्यातली इंजेक्शनची सिरिंज बनते. शंभर टक्के प्लॅस्टिक.

ही काही मी शोधून काढलेली गुप्त बातमी नाही. महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा बंदीच्या यादीत नॉन-वोव्हन पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्यांचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि सोबत तीन महिन्यांपर्यंत कैद. नंतर नियमांत बदल होत गेले. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी अशा पिशवीला परवानगी ठेवली, पण दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली. म्हणजे आज प्रत्येक अशी थैली बेकायदा आहे असं नाही. पण ‘कपड्याची’ ती कधीच नव्हती. सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर, जिथे खादीनं एवढा इतिहास घडवला, त्या गावात प्लॅस्टिक कापडाच्या नावानं खपतं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

फुगडी सुटली, नाव राहिलं

आता नावाचा नियम. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘कार्बनी संयुगे’ हा धडा आठवा. त्यात शेवटी दोन जडजड शब्द होते, एकवारिक आणि बहुवारिक. बोर्डात एका मार्काला येणारे. एकवारिक म्हणजे मोनोमर, छोटा रेणू. असे हजारो एकवारिक एकामागे एक जोडले की होतं बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. पॉली म्हणजे अनेक, हा शब्द ग्रीकमधला. नाव ठेवायची पद्धत इतकी सोपी आहे की आपल्याला आधी कुणी सांगितली का नाही असं वाटतं. ज्या एकवारिकापासून बनलं त्याचं नाव घ्या, पुढे ‘पॉली’ लावा. एथिलीनचं पॉलिएथिलीन. प्रोपिलीनचं पॉलिप्रोपिलीन. स्टायरीनचं पॉलिस्टायरीन. संपलं.

आपल्याकडे नावामागे बापाचं नाव लागतं, इथे पुढे लागतं, एवढाच फरक.

पण यात एक गंमत आहे, ती पुस्तकात कुणी सांगत नाही. एथिलीनमध्ये दोन कार्बन असतात आणि त्यांच्यात दुहेरी बंध असतो. फुगडी डोळ्यासमोर आणा. दोन मुलींनी एकमेकींचे दोन्ही हात धरलेत, हा झाला दुहेरी बंध. आता मैदानात अशा हजार फुगड्या चालू आहेत. कुणीतरी शिट्टी वाजवली आणि प्रत्येक मुलीनं जोडीदारणीचा एक हात सोडून शेजारच्या फुगडीतल्या मुलीचा हात धरला. काय होईल? लांबच लांब साखळी. हेच बहुवारिकीकरण. शिट्टी म्हणजे उत्प्रेरक, दाब, उष्णता, जे काही वापराल ते.

आता साखळी झाल्यावर मैदानात फुगडी किती उरल्या? एकही नाही. नावात मात्र ती राहिली. एथिलीनच्या शेवटी जो ‘ईन’ आहे तो दुहेरी बंधाची खूण, आणि पॉलिएथिलीनच्या साखळीत तो बंध उरलेलाच नसतो. म्हणजे हे नाव वस्तू आता काय आहे ते सांगत नाही, ती आधी काय होती ते सांगतं. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आययुपॅकनं, साखळीच्या रचनेवरूनही नावं द्यायची पद्धत ठरवली आहे. तिच्यानुसार पॉलिएथिलीनचं नाव होतं पॉली(मिथिलीन). बरोबर आहे, शास्त्रशुद्ध आहे, आणि कारखान्यात किंवा दुकानात ते कुणी वापरत नाही. जुनी नावंही चालतील, असं मग आययुपॅकनंही मान्य केलं. मला तर हे फार ओळखीचं वाटतं. गॅझेटमध्ये नाव बदललं तरी गल्लीत जुनंच चालतं, तसं.

पॉलिएथिलीन सापडलं ते इंग्लंडमध्ये, २७ मार्च १९३३ ला. आयसीआय कंपनीतले रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट एथिलीनवर प्रचंड दाब देऊन वेगळाच प्रयोग करत होते, भांड्यात उरलं मेणासारखं पांढरं काहीतरी. आज तुमची पन्नी, दुधाची पिशवी, शेततळ्याचा काळा कागद, सगळी त्याचीच वंशावळ.

आणि एवढी लांब साखळी असू शकते यावरच आधी लोकांचा विश्वास नव्हता, बरं का. जर्मनीच्या हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये हे मांडलं तेव्हा मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ म्हणत होते की असले अवाढव्य रेणू नसतातच, छोटेच रेणू गोळा होऊन बसलेले असतात. स्टाउडिंगरना नोबेल मिळालं १९५३ मध्ये. तेहतीस वर्षं. तोवर त्या साखळ्यांचे मोजे बाजारात येऊन फाटूनही गेले होते.

शेकोटीआधी नाव वाचा

नाव माहीत असून उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. आर्ट्सवाले तर नक्कीच. आमच्यासारख्या मास कॉमवाल्यांनाही तोच प्रश्न पडतो.

मग पीव्हीसी घ्या. पॉली, पुढे व्हायनिल क्लोराइड. वायरवरचं आवरण, पाण्याचा पाइप, रेक्झिनचं सीट कव्हर, दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, यात हेच. नावातला शेवटचा शब्द वाचा, क्लोराइड. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. डिसेंबरात आपल्याकडे थंडी पडली की चौकाचौकात शेकोट्या पेटतात आणि त्यात हाताला लागेल ते जातं, जुना फ्लेक्स, वायरचे तुकडे, फाटकी चप्पल. पीव्हीसी जळलं की त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपानं बाहेर पडतो. ओलाव्याला लागला की त्याचं आम्ल होतं, आणि ओलावा तुमच्या डोळ्यांत आहे, घशात आहे, फुप्फुसांत आहे. शिवाय डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होतात, ती वेगळीच. तांब्यासाठी वायर जाळणारी माणसं हा धूर रोज घेतात. पॉलिएथिलीन जाळणंही वाईटच, ते काही करू नका. पण तिथे नावात क्लोरीन नाही, इथे आहे. बापाचं नाव वाचलं असतं तर पोराचा स्वभाव आधीच कळला असता.

दुसरं उदाहरण हिवाळ्यातलंच. विदर्भातल्या शहरांत थंडीच्या दिवसांत तिबेटी मंडळी स्वेटरची दुकानं लावतात, आणि आपण ‘लोकरीचा स्वेटर’ घेऊन येतो. कॉलरमागचं लेबल बघा. बऱ्याचदा लिहिलेलं असतं ॲक्रिलिक. त्याचं पूर्ण नाव पॉलिॲक्रिलोनायट्राइल, एकवारिक ॲक्रिलोनायट्राइल. मेंढीचा त्यात काडीचाही संबंध नाही. ऊब देतो, स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे, काही वाईट नाही. फक्त नावातला नायट्राइल लक्षात ठेवा. ही लोकर पेटली तर धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतं. म्हणून शेकोटीच्या अगदी जवळ ॲक्रिलिकची शाल पांघरून बसू नये, आणि जुना स्वेटर त्यात टाकूही नये.

थर्माकोलचं तर नावच फसवं. थर्माकोल हे मुळात ब्रँडचं नाव, पदार्थाचं नव्हे. पदार्थ आहे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, आणि त्यातही बहुतेक जागा हवेनं व्यापलेली. म्हणून तर एवढं मोठं मखर एका हातानं उचलता येतं. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली, त्या नियमात शब्द वापरलाय पॉलिस्टायरीन. कायदा टोपणनावावर थांबत नाही, आणि थांबूही नये. उद्या कुणी ‘थर्माकोल नाही हो, फोम आहे’ म्हणून तेच विकलं तर?

टोपणनावाचा सगळ्यात जीवघेणा किस्सा संक्रांतीचा. नायलॉन मांजा, चायनीज मांजा. दरवर्षी जानेवारीत नागपूर-वर्ध्याच्या पानांवर गळा कापल्याच्या, पक्षी अडकल्याच्या बातम्या असतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही याची स्वतःहून दखल घेतली होती. आता हा मांजा चायनीज असायलाच हवा असं नाही, तो भारतातही बनतो. आणि दरवेळी नायलॉनच असेल असंही नाही, त्याच जातीचा दुसरा कुठला कृत्रिम धागा असू शकतो. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये बंदी घातली तेव्हा ही पळवाट आधीच बंद केली. नायलॉन किंवा कोणताही कृत्रिम पदार्थ, असं आदेशात आहे. त्यामुळे दुकानदारानं "हा नायलॉन नाहीच, भाऊ" असं शपथेवर सांगितलं तरी तुम्ही म्हणू शकता, "नसू दे. सुती आहे का, ते सांगा."

आईचंही नाव

आतापर्यंतच्या साखळ्यांत एकच एकवारिक होता. काही पॉलिमरना मात्र दोघं लागतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नावही बंधनकारक झालंय, हे तुम्हाला माहीत असेल. रसायनशास्त्रात ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

नायलॉन ६६ घ्या. याला सहासष्ट म्हणायचं नाही, सहा-सहा म्हणायचं. दोन एकवारिक, हेक्झामिथिलीन डायअमाइन आणि ॲडिपिक आम्ल, आणि दोघांतही सहा-सहा कार्बन. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटानं ते १९३५ मध्ये बनवलं. नायलॉन ६ मध्ये एकच आकडा, कारण ते कॅप्रोलॅक्टम या एकाच एकवारिकापासून बनतं. त्यात सहा कार्बन. दोन्ही नायलॉनमध्ये अणूंचं प्रमाण अगदी सारखं असतं. तरी एक साधारण २२० अंशांना वितळतं आणि दुसरं २६० च्या आसपास. म्हणजे नावातला एक आकडा खाल्ला तर चाळीस अंशांचा फरक. आणि हो, नायलॉन हे न्यूयॉर्क आणि लंडन मिळून झालेलं नाव आहे, हा मेसेज कुणी पाठवला तर पुढे ढकलू नका. ती दंतकथा आहे.

आता आपल्या कंसाकडे येऊ. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या ज्याच्या असतात ते पेट. पूर्ण नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. हे नाव सरळ वाचलंत तर वाटेल, अच्छा, म्हणजे पॉलिएथिलीनचाच एखादा प्रकार, पन्नीचा चुलतभाऊ. इथेच सिंदी चुकते. नीट लिहायचं तर ते आहे पॉली(एथिलीन टेरेफ्थॅलेट). पॉली हे कंसातल्या सगळ्याला लागू आहे, फक्त एथिलीनला नाही. याचे आईबाप आहेत एथिलीन ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक आम्ल. पॉलिएथिलीनशी याचं नातं नावापुरतं. पीव्हीसीचंही तसंच, खरं लिहायचं पॉली(व्हायनिल क्लोराइड). एकवारिकाचं नाव दोन शब्दांचं असेल तर त्याभोवती कंस घालायचा, असा नियम आहे. घाईत कुणी घालत नाही.

हा घोळ फक्त परीक्षेतला नाही. भंगारात ज्यांच्या हातून हे सगळं वेगळं होतं, त्यांच्या धंद्याचा तो प्रश्न आहे. पेट वितळवून पुन्हा वापरायचं तर २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. त्या तापमानाला पीव्हीसी टिकतच नाही. पेटच्या ढिगात थोडं पीव्हीसी मिसळलं गेलं तर ते आम्ल सोडतं, पेटच्या साखळ्या तुटतात, माल पिवळा पडतो. दोन्ही पारदर्शक, दोन्हीच्या बाटल्या होऊ शकतात, डोळ्यांनी फरक कळणं कठीण. आपण बाटलीला सरसकट ‘प्लॅस्टिक’ म्हणून फेकून देतो, आणि पुढची ओळखपरेड कचरा वेचणाऱ्या बाईंना करावी लागते. त्यांना केमिस्ट्री कुणी शिकवली नाही. पण हाताला लागताच त्या जे वेगळं करतात, ते आपण नाव वाचूनही करत नाही.

हेच पेट धाग्याच्या रूपात आलं की त्याला म्हणतात पॉलिएस्टर. तुमची क्रिकेटची जर्सी आणि तुमची पाण्याची बाटली सख्खी भावंडं आहेत. पण पॉलिएस्टर या नावात एकवारिक कुठेच नाही. ‘एस्टर’ हा त्या साखळीतला सांधा आहे, दोन कड्या जोडणारा. म्हणजे हे घराण्याचं नाव, आडनाव समजा. पॉलिअमाइड हे नायलॉनचं आडनाव. फोमच्या गाद्यांतलं पॉलियुरेथेन, हेल्मेटच्या काचेतलं पॉलिकार्बोनेट, ही सगळी आडनावं. नुसत्या आडनावावरून माणूस ओळखायला गेलं तर जेवढं कळतं, तेवढंच इथे कळतं.

आणि या आडनावानं खादीतही प्रवेश केलाय. खादी भांडारात ‘पॉलिवस्त्र’ नावाचं कापड मिळतं, ऐकलंय? पॉलिएस्टरचे तंतू आणि कापूस मिसळून चरख्यावर सूत काढायचं, हातमागावर विणायचं. टिकतं, चुरगळत नाही, स्वस्त पडतं. काहींना ते खटकतं, काहींना पटतं. मला त्यातलं नाव आवडतं, कारण ते काही लपवत नाही. पॉली आहे, आणि तसं नावातच सांगितलंय. नॉन-वोव्हन थैलीला ‘कपड्याची’ म्हणणाऱ्यांपेक्षा हे प्रामाणिक आहे.

तसं बघायला गेलं तर आपल्या जिल्ह्यातला कापूससुद्धा बहुवारिकच. ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी, सेल्युलोज. फक्त त्याचं नाव ठेवलं गेलं १८३९ मध्ये, साखळी-बिखळी कुणाला माहीत नसताना. म्हणून त्यात ना पॉली, ना ग्लुकोज. माती त्या साखळीच्या कड्या सोडवू शकते, पॉलिप्रोपिलीनच्या नाही. पॉली हा शब्द दिसला की नाक मुरडायचं कारण नाही. पुढचा शब्द वाचायचा. पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, यात पुढे लॅक्टिक आम्ल आहे, जे दह्यात असतं. ‘कम्पोस्टेबल’ लिहिलेल्या काही वस्तू याच्या असतात. पण इथेही एक अडचण आहे. दह्याचं नाव आहे म्हणून ती घरामागच्या उकिरड्यावर विरघळेल असं नाही. तिला साधारण ६० अंशांची ऊब आणि ओलावा असलेला खतप्रकल्प लागतो.

अशा शिस्तीच्या यादीत एक बेवारस नावही आहे. पॉली(व्हायनिल अल्कोहोल). नियमानं याचा बाप असायला हवा व्हायनिल अल्कोहोल. गंमत म्हणजे तो बाटलीत भरून ठेवता येत नाही, तयार झाला की लगेच रूप बदलून ॲसिटाल्डिहाइड होतो. मग पोरगं आलं कुठून? १९२४ मध्ये जर्मनीत सापडलेली वाट अशी, आधी व्हायनिल ॲसिटेटची साखळी बनवायची (सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकात असते तीच), आणि मग त्या साखळीवरचे ॲसिटेटचे गट काढून टाकायचे. उरतं त्याला नाव दिलं एका अशा बापाचं, ज्याच्याशी त्याची कधी भेटच झाली नाही. दिवसभर मोबाइल बघून डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टर जे ड्रॉप्स देतात, त्यांतल्या काहींवर हे नाव वाचायला मिळेल. अल्कोहोल वाचून घाबरू नका, आणि खुशही होऊ नका.

आता घरी करून बघायचं असेल तर एक बादली पाणी पुरे. जाळून ओळखायच्या युक्त्या यूट्यूबवर पुष्कळ आहेत, त्या नकोत. आधी वस्तूच्या तळाला त्रिकोण शोधा. त्यातला १ म्हणजे पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीनचे दोन प्रकार, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रोपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे बाकीचे सगळे. त्रिकोण आहे म्हणजे पुनर्वापर होणारच, असा त्याचा अर्थ नाही, तो फक्त नाव सांगतो. मग बाटलीचा एक तुकडा कापा, तिचं झाकण घ्या, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि दोन्ही बुडवून सोडा. पेट पाण्यापेक्षा जड, तळाला जाईल. झाकण पॉलिएथिलीनचं किंवा पॉलिप्रोपिलीनचं असतं, दोघंही पाण्यापेक्षा हलके, ते वर येईल. एकाच बाटलीची दोन घराणी.

त्याच बादलीत जुन्या सुती बनियनचा तुकडा टाका आणि शेजारी त्या ‘कपड्याच्या’ थैलीचा. दोन्ही चांगले चुरगाळून, दाबून भिजवा आणि हात काढून घ्या. बनियन खाली बसेल. थैली वर तरंगत राहील.